लिंबाखालची केळी

"काहीतरी खाऊन जा," सपना नवऱ्याला म्हणाली. "वाटेत चक्कर आली म्हंजे?"

"रिकाम्या पोटी सायकल चालवली की चरबी जळती," रत्नपाल बुटाची नाडी बांधत म्हणाला. हे ज्ञान त्यानं मोबाइलवर मिळवलं होतं. हिंगोलीच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, आणि सायकलवर एका दमात दोनशे किलोमीटर जाऊन दाखवतो, असं सगळ्या शिक्षकांसमोर बोलून बसला होता. आता प्रश्न अब्रूचा होता.

वाशीम रस्त्याला लागला तेव्हा फटफटत होतं आणि धुक्यात पुढचं चाकसुद्धा धड दिसत नव्हतं. कनेरगाव नाका जवळ आला तशी चरबी राहिली बाजूला, तोच विझत चालला. पाय कापसाचे झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि एका लिंबाखाली तो सायकलसकट कलंडला. डोळे उघडले तर समोर शेंदूर फासलेला धोंडा, त्यापुढे पळसाच्या पानावर केळी, गूळ आणि शेंगदाणे. आसपास चिटपाखरू नाही.

भूतखेत न मानणाऱ्याचा हात नैवेद्याला अडखळत नाही. रत्नपालनं सगळं फस्त केलं आणि वाऱ्यासारखा घरी आला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा उपाशीच निघाला. पानावर केळी होती. त्याच्या पुढच्या रविवारी केळ्यांशेजारी भाकरीही होती, आणि ती गरम होती. धुक्यात त्यानं दोन हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. भाकरी त्यानं खाल्ली, पण चहूकडे बघत बघत.

नाक्यावरच्या धाब्यावर त्यानं ओमप्रकाशला विचारलं.

"पहाटी भूत जातं सर हितून," चहा गाळत ओमप्रकाश म्हणाला. "म्होरं एक पांढरा डोळा, मागं लाल. धापा टाकून राहतं. जमनाबाई ठेवती त्याच्यासाठी."

रत्नपालनं आपल्या सायकलच्या दिव्यांकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. गावाचा गैरसमज दूर करणं हे विज्ञान शिक्षकाचं कर्तव्यच होतं. पुढच्या रविवारी केळं सोलून तो लिंबाखाली वाट पाहत बसला. धुक्यातून म्हातारी जमनाबाई भाकरी घेऊन आली.

"मावशी, घाबरू नका. ते भूत म्हणजे मीच."

"तुमाला आमी पहिल्याच दिवशी वळखलं. शाळेतले सर तुमी," ती शांतपणे म्हणाली. "हे तुमच्यासाठी न्हाई."

"मग कोणासाठी?"

"तुमच्या मागं सायकलीवर जो येतो, त्याच्यासाठी." तिची नजर त्याच्या हातातल्या केळ्यावर गेली. "तुमी खाऊन राहिले व्हय? तरीच म्हणलं, त्यो हल्ली इतका जवळ काहून येऊन राहिला तुमच्या."

रत्नपालनं अर्धं केळं सालीत नीट गुंडाळून पानावर परत ठेवलं. सायकलवर बसायचा धीर होईना. ती हातात धरून तो जमनाबाईच्या जोडीनं गावाकडे चालू लागला.

"मावशी," थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "पायी जाणाऱ्याच्या मागं नाही ना येत तो?"

जमनाबाईनं मागं वळून पाहिलं.

"आजवर तर न्हाई आला," ती म्हणाली. "आज मातर सायकल लोटत येऊन राहिला."