देवराम गांगुर्डे यांची शोकमुक्ती

दुःख ही मुळात व्यवस्थापनाची बाब आहे. नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. देशभरातून लोक आपापली माणसं पोचवायला गोदावरीच्या घाटावर येतात, दहावा होतो, डोक्यावरून वस्तरा फिरतो, कावळा पिंडाला शिवतो आणि मंडळी संध्याकाळच्या गाडीला मोकळी होतात. (कावळे कायम नोकरीत नसूनही वेळेवर हजर असतात, हे अनेक खात्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे.) इतकी जुनी आणि सुरळीत व्यवस्था असलेल्या गावात दुःख रेंगाळत ठेवणं हा निव्वळ गलथानपणा होय.

हा गलथानपणा २००४ साली देवराम गांगुर्डेच्या हातून घडला.

देवराम सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्र्याची पट्टी साच्यात ठेवायची, हात काढायचा, पेडल दाबायचं. या कामाला बोलावं लागत नाही आणि देवरामला ते मानवलंही होतं. घरातलं बोलण्याचं खातं त्याच्या बायकोकडे, अंबूबाईकडे होतं. देवरामला काही सांगायचं असलं तर तेही तीच सांगायची. श्रावणात अंबूबाईला कावीळ झाली आणि भाद्रपद उजाडायच्या आत ती गेली. त्यानंतर ते खातं बंदच पडलं.

ती गेली तेव्हा कंपनीने रजा दिली आणि नोटीस बोर्डावर दोन ओळी लावल्या. पुढे एके दिवशी देवरामने पट्टी वाकडी ठेवून पेडल दाबलं आणि साचा फुटला. तेव्हा मात्र कारखान्यात खरी शोककळा पसरली. साचा परदेशी होता. त्याच्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या, आणि एका संचालकांचा तर आवाजही भरून आल्याचं सांगतात.

देवरामला प्रेसवरून उठवून भंगार निवडायला बसवलं. प्रेस परत हवी असेल तर शोक संपल्याचं प्रमाणपत्र आण, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घे, असं त्याला सांगण्यात आलं. (यात स्वेच्छा कंपनीची असते आणि निवृत्ती कामगाराची.) देवरामला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. घरी बसावं, तर घरात कोणी नव्हतं.

सुदैवाने कल्याण अधिकारी बोरस्ते साहेब काळाच्या पुढे होते. एका परिसंवादातून ते ‘मनोबल ऑनलाइन’ ही योजना घेऊन आले होते. आजारपण, मृत्यू, निवृत्ती, बदली आणि मुलीचं लग्न अशा प्रसंगी खचलेल्या प्रौढांना इंटरनेटवरून धीर देण्याची तीत सोय होती. सर्व प्रसंगांना प्रश्नावली एकच, कारण योजना समतावादी होती. माहितीपत्रकानुसार शोक सरासरी सहा सत्रांत संपतो आणि तसं प्रमाणपत्र मिळतं. (विधुरांचा पाचातच आटोपतो. विधवांचा आकडा छपाईत राहून गेला होता.)

कंपनीतलं इंटरनेट साहेबांच्या टेबलावर होतं आणि त्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला असे. म्हणून देवरामची सोय अल्तमशभाईच्या सायबर कॅफेत झाली. दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, पहिली पाळी सुटल्यावर.

पडद्यापलीकडे योजनेच्या समुपदेशक प्रतिभा मॅडम होत्या. त्या पुण्यात असाव्यात. त्यांनी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत विचारलं, आज कसं वाटतंय. अल्तमशभाईने ते वाचून दाखवलं. देवरामने ऐकलं, मान खाली घातली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

इथे देवरामची चूक झाली, पण ती समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे कुणी समाचाराला आलं की दुःखातल्या माणसाने बोलायचं नसतं. आलेल्याने बसायचं, थोड्या वेळाने हळूच ‘कसं झालं’ म्हणून विचारायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि ‘येतो’ न म्हणता उठून चपला शोधायच्या. मॅडम समाचाराला आल्या आहेत, अशीच देवरामची समजूत होती. आता त्या बसतील, म्हणून तोही बसला. काही मिनिटं अक्षर उमटलं नाही, तसा पडद्यावर लाल पट्टा आला: ग्राहक अनुपस्थित.

दुसऱ्या मंगळवारीही हेच झालं. ग्राहक खुर्चीत धडधडीत बसलेला आणि यंत्राच्या लेखी गैरहजर. तीन वेळा गैरहजर राहणाऱ्याचा शोक ‘असहकारी’ समजून प्रकरण बंद होत असे. अल्तमशभाई कळवळून म्हणाला, “चाचा, कुछ तो बोलो. तुम्ही नाही बोललात की हे गैरहजेरी लावतं.” देवरामने बोलायचा प्रयत्न केला. पण ते खातं अजून बंदच होतं.

तिसऱ्या मंगळवारी मात्र कॅफेत गर्दी झाली. त्याचंही कारण सरळ आहे. तीन पाळ्यांच्या वसाहतीत समाचाराला जावं तर माणूस कामावर, तो घरी असावा तर आपण कामावर. देवरामच्या दाराचं कुलूप बघून कितीतरी लोक परत गेले होते. आता देवराम दुःखासाठी मंगळवारी पाचला कॅफेत बसतो, असं वसाहतभर झालं, तेव्हा लोकांनी ती समाचाराची ठरलेली वेळ धरली. शेजारचा गोटीराम आला. अंबूबाईची थोरली बहीण लंकाबाई सुरगाण्याहून जीपने आली. बाकड्यांवर माणसं मावेनात. परीक्षेचा निकाल बघायला आलेली पोरंसुद्धा आवाज न करता उभी राहिली.

सगळे मुकाट बसलेले पाहून अल्तमशभाईची पाचावर धारण बसली. त्याने कीबोर्ड लंकाबाईपुढे सरकवला आणि मधून मधून एखादं बटण दाबत राहायला सांगितलं. म्हातारीच्या बोटाखाली पूर्णविरामाचं बटण आलं. ती दम लागला की टिंब द्यायची, डोळे पुसले की टिंब द्यायची. तासाभरात पडदा टिंबांनी भरला आणि लाल पट्टा आला नाही. मॅडमनी शेवटी लिहिलं की देवरामजी आज खूप मोकळे झाले. (त्यांच्या पुस्तिकेत तिसऱ्या सत्रानंतर हेच वाक्य छापलेलं होतं.)

पुढचे दोन मंगळवार असेच गेले. गोटीरामची बायको थर्मासमधून चहा आणायची. टिंबाची पाळी लावून घेतली होती आणि ती चुकवलेली कोणाला खपत नसे. देवराम रात्री झोपू लागला, जेवू लागला. बोरस्ते साहेबांनी वरिष्ठांना कळवलं की तंत्रज्ञानाने माणसांची जागा घेतल्याचं हे उत्तम उदाहरण आहे. हे त्यांनी कॅफेत कधीही न जाता लिहिलं, त्यामुळे अहवाल निःपक्षपाती झाला.

सहाव्या सत्राला मॅडमनी प्रश्नच विचारला नाही. बराच वेळ पडदा कोरा राहिला. मग पलीकडून एक टिंब आलं. लंकाबाईने एक दिलं. पलीकडून आणखी एक आलं. मग अक्षरं उमटली आणि अल्तमशभाईने अडखळत वाचली. मॅडमचे वडील मागच्या महिन्यात गेले होते. रजा मिळाली नव्हती, कारण ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी सातपूरच्या एका विधुराचं पहिलं सत्र ठरलेलं होतं.

देवरामने मान वर केली. अंबूबाई गेल्यापासून त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कोणाचा हे कळायला क्षणभर वेळ लागला.

“इचारा तिला,” तो म्हणाला, “कसं झालं.”

अल्तमशभाईने टाइप केलं. पलीकडून ओळींमागून ओळी येऊ लागल्या. रिक्षा मिळाली नाही इथपासून, बाबांचा चष्मा अजून टेबलावरच आहे इथपर्यंत. लंकाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. देवराम एका ठिकाणी म्हणाला, “लिहा, आमच्या हिची पोळपाटावरची पिठाची वाटी बी मी तशीच ठेवलीय.” मग तो खूप बोलला. पिठाचं बोलला, काविळीचं बोलला. सगळं टाइप झालं नाही, कारण अल्तमशभाईला पडदा नीट दिसत नव्हता. वेळ संपली तेव्हा एकानेही ‘येतो’ म्हटलं नाही. पलीकडूनही काही न लिहिता खिडकी बंद झाली.

‘मनोबल ऑनलाइन’ चालवणाऱ्या संस्थेने या सत्राची गंभीर दखल घेतली. समुपदेशकाने ग्राहकाच्या वेळेत स्वतःचं दुःख केल्याबद्दल मॅडमना कमी करण्यात आलं. ग्राहक मात्र दुसऱ्याची विचारपूस करण्याइतका सुधारल्याचं सिद्ध झालं होतं. देवरामला शोकमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, साहेबांच्या हस्ते, गुलाबाच्या फुलासह. प्रेसही परत मिळाली. नवा साचा खूश आहे.

वसाहतीने प्रमाणपत्राचा मान राखला. दुःख अधिकृतपणे संपलेल्या माणसाच्या समाचाराला जाणं बरं दिसत नाही. गोटीरामने थर्मास माळ्यावर टाकला. लंकाबाई भाताच्या कापणीला सुरगाण्याला गेली.

देवराम अजूनही मंगळवारी पाचला कॅफेत जातो. अल्तमशभाई त्याला तीच खुर्ची देतो आणि चहा मागवतो. पडद्यावर कोणी नसतं. देवराम मधून मधून एक टिंब देतो. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर काचेतून दिसेल, आणि तुम्हाला वाटेल, या वयात माणूस कॉम्प्युटर शिकतोय, कौतुक आहे. वाटू द्या. आत जायची गरज नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे.

शिवाय तुम्हालाही तुमची माणसं आहेत. मागे तुमच्या ओळखीत कुणी गेलं, तेव्हा तुम्ही त्यांच्या घरी फोन केला होता. खूप वेळ वाजला आणि कोणी उचलला नाही, म्हणून तुम्ही परत केला नाहीत. तुमचं काही चुकलं नाही. ते गैरहजर होते.