मशीन उठताना पाठ फिरवावी

आमचे नामदेवअप्पा धान्याच्या कोठीचं झाकण उघडण्याआधी खोकतात. आतल्या उंदरांना आवराआवर करायला सवड मिळावी म्हणून. हे मी पदरचं सांगत नाही, आमच्या अख्ख्या वांकिडी गावात कुणालाही विचारा. गोठ्यात शिरताना ते बाहेरूनच "येऊ का?" म्हणतात आणि म्हैस मान हलवेपर्यंत पाऊल आत टाकत नाहीत. एकदा म्हैस मान हलवायची विसरली, तर सकाळचं दूध दुपारी निघालं.

"दस्तूर हाय आपला," एवढंच त्यांचं म्हणणं. निजामाच्या काळात त्यांचे वडील तहसिलीत होते. निजाम गेला, तहसील गेली, हा एक शब्द मात्र अप्पांच्या घरी मुक्कामाला राहिला.

सगळ्या दस्तुरांचा पाटील म्हणजे उठण्याचा दस्तूर. "मास्तर, उठनाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नाही. माणूस उठते तवा त्याचा अर्धा जीव सपनात रायते. डोळ्याला डोळा भिडला का तो तिकडंच अडकते!" गावात दोनचार माणसं जरा अर्धवट आहेत, ती अशीच अडकलेली, असं अप्पा नावानिशी सांगत.

अप्पांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात अप्पा आणि लेक सुमन. बसस्टँडजवळच्या त्याच घराच्या ओसरीत लग्नपत्रिकांचं दुकान. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा अप्पांनी चंद्रपुराहून एक जुना कॉम्प्युटर आणला. आणला म्हणजे काय, वाजतगाजत आणला! उंबऱ्यावर त्याचे पाय धुवायचे होते. पाय सापडेनात, म्हणून कीबोर्डवर तांब्याभर पाणी ओतलं. त्यातली एक कळ तेव्हापासून बहिरी आहे.

त्या मशीनच्या पोटात दोन घरं होती. एक जुनं, डॉसचं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आधीच्या मालकाच्या कापसाच्या गाठींचे हिशेब. दुसरं विंडोजचं, रंगीत. मराठी अक्षरं, गणपती, कलश, तुतारीवाले असा पत्रिकांचा सगळा संसार या दुसऱ्या घरात.

सुमनचं लग्न राजुऱ्याला ठरलं. रोज मशीन तीच सुरू करायची; ती केळवणाला मामाकडे गेली आणि अप्पा लेकीची पत्रिका करायला बसले. मशीन सुरू केली, तर काळं घर! पुन्हा सुरू केली, पुन्हा काळं. मुहूर्त तोंडावर आला, पत्रिका नाही. मंडलातल्या गावोगावच्या पोराठोरांच्या पत्रिका ज्यानं छापल्या, त्याच्या लेकीची पत्रिका परक्याच्या छापखान्यातून यावी? अप्पांचं अन्नपाणी तुटलं.

मी शाळेत गणित शिकवतो आणि नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो, म्हणून मला बोलावणं आलं. पोचलो तर टेबलाचं तोंड फिरवलेलं.

"हे काऊन?"

"बाजारातून आनलेला बैल पह्यले जुन्या धन्याच्या गोठ्याकडंच वळते, मास्तर. मी तिची चंद्रपुराकडं पाठ करून टाकली."

"मग?"

"तरी ओढ जाऊन नाही राह्यली!"

मी मशीन उघडली. आतून एवढी धूळ निघाली की ओळभर ज्वारी पेरता आली असती. झाकण लावलं. अप्पांनी बटण दाबलं आणि माझे खांदे धरून मला गर्रकन भिंतीकडे वळवलं.

"फिरा! उठून राह्यली ते."

आम्ही दोन बाप्ये कॅलेंडरकडे तोंड करून उभे. वळून पाहिलं, तर काळं घर. असं इतक्यांदा झालं की त्या वर्षाच्या सगळ्या एकादश्या माझ्या पाठ झाल्या. शेवटी कॅलेंडरशेजारच्या दाढीच्या आरशात मी चोरून डोळा घातला. पडद्यावर दोन घरांच्या नावांच्या दोन ओळी होत्या आणि बाजूला एक आकडा भराभर उतरत होता. आकडा संपला, पडदा काळा.

"अप्पा, ही तर विचारते!"

"काय विचारते?"

"कोणत्या घरी जाऊ म्हणून. तुम्ही पाठ करून उभे. उत्तर नाही मिळालं की जाते बिचारी जुन्या घरी."

अप्पा थबकले. "मंग सुमीच्या हातानं बराबर कशी उठे?"

"ती पाहत असणार."

"माह्या पाठीमागं?"

"अगदी पाठीमागंच."

अप्पा असे हसले की दारातली कोंबडी अंडं न घालताच उठून गेली. पुढच्या खेपेला त्यांना मी खांदे धरून पडद्यासमोर उभं केलं. डोळे किलकिले करून त्यांनी दोनचा आकडा दाबला आणि रंगीत घर उघडलं. अप्पांनी अशी आरोळी ठोकली की आसिफाबादची बस निघता निघता थांबली. ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळ्या बसला गूळ वाटला. संध्याकाळपर्यंत पत्रिका तयार. तीत सुमनचं नाव नवरदेवाच्या दुप्पट मोठं. मी नजरेस आणून दिलं, तर म्हणाले, "त्याले आपल्या गावी छापू द्या ना मोठं!"

निघताना मी म्हणालो, "अप्पा, हे विचारणंच बंद करून टाकतो. बटण दाबलं की सीधी रंगीत घरात जाईल."

त्यांनी पटकन कीबोर्डवर हात ठेवला.

"राहू द्या, मास्तर."

"काऊन?"

"सुमी चालली राजुऱ्याले." पत्रिकेच्या गठ्ठ्याच्या कडा ते उगाच सरळ करत राहिले. "मंग सकाळी या घरात मले कोन इचारन, काय पायजे म्हून?"

मी परत मशीनकडे वळलो. त्यांनी विचारलं, "मास्तर, ते आकडा लई लवकर उतरते. जरा लांबवता येते काय?"

येत होतं. जितका मोठा आकडा ती मशीन घेत होती, तितका मी घातला. अप्पांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. आकडा सावकाश उतरत होता. त्यांना उत्तराची काही घाई नव्हती.