एकशे चोवीस वर्षांचा अनुभव

लक्ष्मीकांत दप्तरदारला नोकरीवरून कुणी काढू शकत नाही, हे लक्ष्मीकांत दप्तरदारनं एका आठवड्यात बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या निदान अकरा जणांना सांगितलं होतं. त्यात न्हावी होता, औषधाचा दुकानदार होता आणि सिग्नलला शेजारी थांबलेला एक अनोळखी स्कूटरवाला होता. विचारलं यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

"चार पिढ्यांत आमच्या घराण्यात एकाचीही नोकरी गेलेली नाही," तो म्हणे. "संस्थान गेलं, नोकरी नाही गेली."

एवढं सांगत सुटायचं कारण म्हणजे मुनीमजी. मकरपुऱ्यात ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात लक्ष्मीकांत चोवीस वर्षं खरेदी खात्यात होता, तिथं मालकांनी एआय आणला आणि लाडानं त्याचं नाव मुनीमजी ठेवलं. भाव मागवणं, ऑर्डरी काढणं, उशीर करणाऱ्या पुरवठादारांच्या मागं लागणं, सगळं आता मुनीमजी करणार होता. खात्यात माणसं चार होती आणि यापुढं दोन पुरणार होती. कुठली दोन, हेही मुनीमजीच ठरवणार होता. प्रत्येकानं आपला अनुभव आपल्या शब्दांत एका पानावर लिहून द्यायचा, एवढंच.

आता, बडोद्यातला जुना मराठी माणूस स्वतःविषयी सांगायला बसला की पणजोबांपासून सुरुवात करतो. लग्नाची बोलणी असोत नाहीतर दाढ काढायची असो, आधी घराणं सांगून होतं, मग दाढ. लक्ष्मीकांतनंही तसंच केलं. पणजोबा तात्यासाहेब, संस्थानच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू-शामियान्यांच्या खात्यात, चौतीस वर्षं. आजोबा भास्करराव, संस्थानच्या घोड्यांच्या वैरणीवर देखरेख, अठ्ठावीस वर्षं. वडील माधवराव, रेल्वेत अडतीस वर्षं. इथं पान संपत आलं, म्हणून स्वतःची चोवीस वर्षं त्यानं तळाशी बारीक अक्षरात कोंबली.

गुरुवारी यादी लागली. पहिलं नाव लक्ष्मीकांत दप्तरदार. अनुभव, एकशे चोवीस वर्षं.

मुनीमजीनं पानावरची सगळी वर्षं एकाच माणसाची धरली होती.

"काय रे, घोड्यांच्या वैरणीवर होतास म्हणे?" शेजारच्या टेबलावरच्या जनार्दननं विचारलं. जनार्दनची, आधीच्या नोकरीतली दोन धरून, सत्तावीस वर्षं झाली होती. "बोलला नाहीस कधी."

"तसा विषय निघाला नाही," लक्ष्मीकांत म्हणाला.

चूक सांगायला तो दोनदा उठलाही. पण यादीत खाली जनार्दन सत्तावीस, कांचनबेन पंचवीस, अशी नावं होती. खरं सांगितलं की आपण तिसरे, आणि तिसरा म्हणजे घरी, हा हिशेब त्याला उभ्याउभ्याच झाला. दोन्ही वेळा तो पाणी पिऊन परत आला. संध्याकाळपर्यंत तो इतकं पाणी प्यायला की पाण्याच्या कूलरवाल्याला वाटलं, साहेबांना साखर निघाली.

शुक्रवारी मुनीमजीचा निरोप आला. शनिवारी संध्याकाळी हरणीच्या मैदानावर कंपनीचा पंचवीस वर्षांचा समारंभ होता. कंपनीत तंबूंचा चौतीस वर्षांचा जाणकार असताना बाहेरचा मंडपवाला कशाला, असा विचार करून मुनीमजीनं मंडपवाल्याला परस्पर नकार कळवला होता. मंडप श्री. दप्तरदार उभारतील.

घरी अहल्यानं हे ऐकलं आणि हातातली वांग्याची फोड तशीच धरून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो, मच्छरदाणीची चौथी गाठ तुम्ही लग्नापासून मारलेली नाही. ती मी मारते."

"मच्छरदाणी वेगळी."

"हो ना. ती पडली तर आत आपण दोघंच असतो. जा आणि सांगून टाका खरं काय ते."

"आणि नोकरी?"

घराचे हप्ते अजून चार वर्षं होते आणि मुलगी शेवटच्या वर्षाला होती. अहल्यानं फोड पातेल्यात टाकली. "मग निदान दोर जाड घ्या," ती म्हणाली.

लक्ष्मीकांतनं मोबाइलवर मंडप बांधण्याचे तीन व्हिडिओ पाहिले. त्यातला एक केरळचा होता आणि पूर्ण मल्याळममध्ये होता. शनिवारी सकाळी बांबू आले, कापड आलं, चार मजूर आले.

"साहेब, दोर केटलो खेंचुं?" मजुरानं विचारलं.

"बेताचा," लक्ष्मीकांत म्हणाला.

"आ खूंटो क्यां?"

"नेहमी कुठं असतो?"

"अहींयां."

"मग विचारतोस कशाला?"

असा सर्व प्रश्नांचा निकाल लावत चार वाजेपर्यंत मंडप उभा राहिला. दिसायला झकास दिसत होता. लक्ष्मीकांत त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिला आणि मंडपाच्या पोटात वारा भरला की जवळचा दोर धरून उभा राहत होता.

सात वाजता मालक बोलायला उभे राहिले. पंचवीस वर्षं, प्रगती, कुटुंब वगैरे झालं आणि ते मुनीमजीवर आले. "आपणो मुनीमजी," मालक म्हणाले, "क्यारेय भूल न करे."

कधीच चुकत नाही, या वाक्यावर टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मागोमाग मंडप पडला.

धाडकन नाही पडला, त्याबाबतीत लक्ष्मीकांतच्या बेताच्या दोरांचे आभारच मानायला हवेत. दुधावर साय धरावी तसं ते पांढरं कापड दोनशे माणसांवर सावकाश येऊन बसलं. माइक मात्र चालूच होता. "लाइट क्यां गई?" असा मालकांचा आवाज मैदानभर ऐकू आला. लागलं कुणालाच नाही. फक्त श्रीखंड कापडाला लागलं.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर लक्ष्मीकांतचं कार्ड चालेना. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. शेवटी कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या नयनाबेन स्वतः खाली आल्या आणि त्याला केबिनमध्ये घेऊन गेल्या.

"काका, आ शुं छे?" त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. मंडपाची चौकशी करताना मुनीमजीनं नवा हिशेब मांडला होता. एकशे चोवीस वर्षं नोकरी, म्हणजे वय किमान एकशे बेचाळीस. कंपनीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. सबब श्री. दप्तरदार चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले आहेत. खाली पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा होत्या.

लक्ष्मीकांतनं सगळं सांगितलं. तात्यासाहेब, भास्करराव, माधवराव. नयनाबेन एकेक पिढी खोडत गेल्या. एकशे चोवीसचे नव्वद झाले, नव्वदचे बासष्ट झाले.

"बेन," तो हळूच म्हणाला, "वडिलांची दोन वर्षं ठेवता येतील का? दोनच."

"केम दोन?"

"कांचनबेनची पंचवीस आहेत."

नयनाबेननी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी माधवरावांचीही सगळी वर्षं खोडली आणि वर मालकांकडे गेल्या. लक्ष्मीकांत बाहेरच्या बाकावर बसला, उठला, पाणी प्यायला, बसला.

अर्ध्या तासानं त्या खाली आल्या. मालकांचं म्हणणं असं होतं की जे कागदावर नसतं ते मुनीमजीला कळत नाही. कुणीतरी त्याच्याशेजारी बसून त्याला सांगायला पाहिजे. आणि त्याला तीन दिवस फसवू शकलेला माणूस कंपनीत एकच आहे.

मंगळवारी संध्याकाळी लक्ष्मीकांत जेवायला बसला.

"मग, नोकरी राहिली ना?" अहल्यानं विचारलं.

"राहिली. तीन महिने मुनीमजीला शिकवायचं. कुठला पुरवठादार उद्या म्हणाला की परवा समजायचं, कुणाला दुपारी फोन करायचा नाही, कोण चढ्या आवाजाला घाबरतो, हे सगळं."

"तीन महिने? मग जरा सावकाश शिकवा."

"सावकाशच शिकवत होतो. पण माझी चोवीस वर्षं आज चहाच्या आधीच संपली."

"आणि चहानंतर?"

"जनार्दनला बोलावलं. त्याची साडेपाचला संपली."

अहल्यानं त्याच्या पानात भात वाढला. वरण वाढलं. "मग उद्या काय करणार?"

"ते नयनाबेन विचारून कळवणार आहेत."

"कुणाला विचारून?"

"मुनीमजीला," लक्ष्मीकांत म्हणाला आणि त्यानं भात कालवायला घेतला.