फार्मासिस्टचा दंड

आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत बसणाऱ्या फार्मासिस्टला लोक पाठीमागे ‘रोजसाहेब’ म्हणत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हातात ठेवताना ते प्रत्येकाला दरडावत, “रोज म्हणजे रोज! बरं वाटतंय म्हणून बंद केलीत, तर याद राखा!” आवाज असा, की खिडकीबाहेरच्या माणसाचं प्रेशर जागच्या जागी दहाने चढावं!

यात एक छोटीशी गोम होती. साहेबांना स्वतःलाही ब्लडप्रेशर होतं आणि तीन महिन्यांपासून त्यांनी गोळी बंद केली होती. का? तर बरं वाटत होतं!

ब्लडप्रेशर तपासणीच्या दिवशी व्हरांड्यातले बाक गच्च भरले होते. दहा-बारा जणांचं मोजून झालं आणि एक म्हातारबुवा अडून बसले. “तो पट्टा दंड आवळतो. मी नाही बांधून घेणार!”

साहेब खिडकी सोडून तरातरा बाहेर आले. “सिस्टर, आधी माझं मोजा! वेळेवर औषध घेणाऱ्याचं प्रेशर कसं असतं, बघू दे यांना!”

पट्टा फुगला, फुसफुसत उतरला. सिस्टरनी आकडा बघून मशीन हळूच स्वतःकडे वळवायला घेतलं. म्हातारबुवांनी मात्र चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, “एकशे श्याऐंशी. खाली एकशे बारा. हे चांगलं असतं का हो?”

“मशीन बिघडलंय!” साहेब ओरडले.

दुसरं मशीन आणलं. एकशे अठ्ठ्याऐंशी! “सेल उतरलेत.” सेल बदलले. एकशे ब्याण्णव! सिस्टरनी निमूटपणे तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठरा.

“तुमचा दंड बारीक आहे!” साहेबांच्या कपाळावर घाम डवरला होता. “दोन्ही मशीनं बाद आहेत. तपासणी बंद करा!”

बाकावरच्या शिलाईवाल्या मावशी तटकन उठल्या. त्यांचं मघाशी एकशे अठ्ठ्याहत्तर भरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलेलं! डॉक्टरांना भेटायची चिठ्ठी हातात होती. “बिघडलंय होय? तरीच म्हटलं, मला काय धाड भरलीय!” चिठ्ठीचे चार तुकडे टोपलीत टाकून त्या चालत्या झाल्या.

गोंधळ ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी साहेबांना खुर्चीत टेकून बसवलं, पाच मिनिटं गप्प ठेवलं आणि पुन्हा मोजलं. आकडा हलायला तयार नव्हता.

“गोळी कधी घेतली होती?”

“सकाळी.”

“कुठल्या सकाळी?”

साहेब स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. “उन्हाळ्यातल्या.”

अख्खा व्हरांडा हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! “तुमची गोळी आजपासून सुरू. पण त्या मावशी मशीन खोटं समजून घरी गेल्या, त्यांचं काय?”

दुपारी साहेब मशीन काखोटीला मारून मावशींच्या घरी पोचले. मावशी गणवेशांच्या ढिगाऱ्यामागे शिलाई मारत होत्या. “दुरुस्त झालं का मशीन?”

वाटेत साहेबांनी ‘तांत्रिक अडचण’पासून सुरू होणारी तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून फुटेना. “मशीन चांगलंच होतं, मावशी. माझंच प्रेशर वाढलं होतं. गोळ्या बंद केल्या होत्या मी. चारचौघांत कबूल करवेना, म्हणून मशीनवर ढकललं.”

मावशींचा पाय शिलाई यंत्राच्या पेडलवरच थांबला. “तुम्ही? अहो, दोन दिवस गोळी चुकली म्हणून माझ्या नणंदेला सगळ्यांदेखत रडवलंत ना तुम्ही! तेव्हापासून ती तुमच्या खिडकीवर फिरकलेली नाही. औषधच बंद आहे तिचं.”

साहेबांना ती बाई आठवेना. किती जणांना असं रडवलं असेल, याचा हिशेबच लागेना. त्यांनी खाली मान घालून मावशींचं प्रेशर मोजलं. अजून चढलेलंच होतं.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे येते मी,” मावशी म्हणाल्या. “पण आधी वर चला. मला सांगितलंत ते तिलाही सांगा.”

वरच्या मजल्यावर नणंदेने दार उघडलं, साहेबांना पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. आतून आवाज आला, “घरी कोणी नाहीये!”

मग साहेब बंद दाराशीच बोलले. “ताई, चुकलो मी. मीसुद्धा गोळ्या सोडल्या होत्या. दोन दिवस नाही, तीन महिने!” दाराआड ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागला. परिणामी जिन्यातली सगळी दारं उघडली, तेवढं एक सोडून! कुणीतरी विचारलंही, “किती महिने म्हणालात?” साहेबांनी पुन्हा सांगितलं.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. दार अर्धवट उघडलं आणि आधी एक स्टूल बाहेर सरकलं, मग नणंद आली. ती स्टुलावर ताठ बसली आणि बाही सारून दंड पुढे केला.

“मोजा. पण एक शब्द बोलायचा नाही!”

साहेब जिन्याच्या पायरीवर गुडघे टेकून बसले आणि मुकाट्याने पट्टा बांधू लागले.