पहिला काटा आणि समेटाचा विकार

एका जंगलात, बाळांनो, मधोमध एक ओढा होता. अलीकडे साळिंदरं राहायची. पलीकडेही साळिंदरंच. त्यांचं युद्ध चाललं होतं. का, ते मला विचारू नका. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

दोन्ही काठांवरची मंडळी ख्रिस्ती आणि पाळकही एकच, शांतवन मेंढा. सकाळची उपासना अलीकडे, संध्याकाळची पलीकडे. विजयासाठी प्रार्थना दोन्हीकडे.

अलीकडे एक रीत होती. बाळाचा बाप्तिस्मा झाला की त्याचा पहिला काटा सैन्याला द्यायचा. बाणाला बरा बसतो म्हणे.

तिथल्या दीना नावाच्या आईच्या पिल्लाला नुकताच काटा फुटला होता. बाप्तिस्मा रविवारी. तिची झोपच उडाली. ती पाळकसाहेबांकडे गेली.

"हा काटा पलीकडच्या कुणाच्या तरी लेकराला लागणार ना?"

"बाई, आपलं युद्ध न्याय्य आहे."

"आणि त्यांचं?"

"ते संध्याकाळी न्याय्य असतं."

"मग वैऱ्यावर प्रीती करायची, त्याचं काय?"

"करायचीच. बाण प्रीतीने मारायचा. मनात राग नको." मग ते हळूच म्हणाले, "तुम्ही समुपदेशकांना भेटा."

सैन्याचे समुपदेशक म्हणजे वटवाघूळ. ते उलटे लटकायचे आणि समोरच्यालाही लटकायला लावायचे. दीना लटकली.

"काटा कुणाला तरी लागेल अशी भीती वाटते?"

"लागेल का हो?"

"लागणारच. आपल्या लोकांचा नेम चांगला आहे."

"मग ही भीती नाही. ही माहिती झाली."

"माहितीचा त्रास होतो," वटवाघळाने लिहून घेतलं. "डोळे मिटा. समोरचा शत्रू म्हणजे लाकडाचा ओंडका, असं समजा."

दीनाने डोळे मिटले. ओंडका दिसला. ओंडक्याच्या कुशीत एक छोटा ओंडका दूध पीत होता.

रविवार आला. बाप्तिस्मा झाला. प्रभुभोजनाची भाकरी वाटण्याआधी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "कुणाशी वैर असेल त्याने आधी समेट करून यावा." हे ऐकून आजवर कुणी जागचं हललं नव्हतं. दीना उठली, पिल्लू पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडून गेली.

पलीकडे एक आई पिल्लाला भरवत बसली होती.

"कोण गं तू?"

"अलीकडची. माफी मागायला आलेय."

"काय केलंस?"

"अजून काही नाही. उद्या करणार आहे."

त्या आईने पिल्लाचं तोंड पुसलं. "मग मीही आत्ताच मागून घेते. आमचा बाण परवा निघतोय."

दीना परतली तेव्हा मंडळी भाकरीसमोर ताटकळली होती.

"झाला समेट?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"झाला. आता काटा दिला तर समेट मोडेल."

पाळकसाहेबांनी समुपदेशकांकडे पाहिलं. समुपदेशकांनी तिला तिथेच उलटं लटकवून तपासलं. "समेटाचा विकार," ते म्हणाले. "असाध्य आहे. यांच्या घरचा काटा घेऊ नका. बाणातून साथ पसरेल."

दीना पिल्लाला घेऊन घरी आली. काटा पिल्लाच्या पाठीवर तसाच होता. दाराशी शेजारच्या चार आया उभ्या होत्या. सगळ्यांच्या पिल्लांचे बाप्तिस्मे पुढच्या महिन्यात होते.

"दीनाबाई," त्यातली एक म्हणाली, "तुमचं थोडं उष्टं पाणी मिळेल का?"

तात्पर्य: मुलांनो, मनाचं आरोग्य सांभाळा. एका आईचं बिघडलं तरी चांगली चाललेली युद्धं बंद पडतात.