पाण्याची शीग

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि लगोलग दुष्काळ पडला. सरकारी टँकर पहिल्यांदाच गावात येऊन उभा राहिला. हुकूम होता माणशी नऊ लिटरचा. गावाला लिटर ठाऊक होतं ते फक्त रॉकेलचं. सगळ्यांनी गुरुबसप्पाकडे पाहिलं. खळ्यावरचं धान्य मोजावं तर त्यानेच, असा गावाचा रिवाज.

गुरुबसप्पाने पितळी पायली ज्वारीने भरली, वर शीग चढवली, म्हणजे काठाच्या वर टोकदार रास रचली. शिगेशिवाय माप हे त्याच्या लेखी पापच. ती ज्वारी रॉकेलच्या मापाने मोजली, तर साडेचार लिटर भरली. त्याने जाहीर केलं, माणशी दोन पायल्या. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला, पण मापाऱ्यापुढे त्याचं काय चालणार?

शिवगंगेचा जीव मात्र टांगणीला लागला होता. परवा लेकीचं लग्न, वऱ्हाड निलंग्याहून येणार आणि घरात माणसं दोनच. चार पायल्यांत वऱ्हाडाचे पायसुद्धा धुऊन झाले नसते. ती दारोदार फिरली. सगळ्यांनी हळहळ दिली, पाणी कुणी दिलं नाही.

"एक"च्या जागी शुभाचं "लाभ" म्हणत गुरुबसप्पाने पहिली पायली ओतली, मग दोन, तीन... गावातली शेवटची घागर भरली, तरी टँकरमध्ये पाणी डुचमळतच होतं. ड्रायव्हरने वर चढून पुन्हा पाहिलं. मोजून आणलेलं पाणी सगळ्यांना पुरून उरलं होतं! म्हाताऱ्यांनी पायलीला हात जोडले. असलं बरकतीचं पाणी स्वतःच्या घरी न्यायची कुणाची छाती होईना, म्हणून ते लग्नघरी गेलं. वऱ्हाड तृप्त होऊन परतलं.

पुढच्या टँकरला बायका हळदकुंकू घेऊनच आल्या. गुरुबसप्पाने पायली बुडवली, सवयीने वर हात फिरवून शीग चढवू गेला आणि पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. मागच्या खेपेच्या घाईत न कळलेलं आता त्याला कळलं आणि त्याने पायली खाली ठेवली. उभ्या जन्मात त्याने कुणाला कमी माप घातलं नव्हतं.

"पाण्याला शीग चढत न्हाई," तो खालमानेनं म्हणाला. "दर पायलीला अर्धा लिटर कमी घातलो मी. बरकत-बिरकत काय न्हाई. उरलं ते तुमचंच पाणी होतं."

सगळ्यांत पुढे कोंडाबाई उभी होती.

"शिवगंगा दारात आली तवा म्या घोटभर पाणी दिलं न्हाई," ती म्हणाली. "ह्या पायलीनं माझ्याच घागरीतलं काढून तिला दिलं, आन् मला कळलं बी न्हाई. ह्याला बरकत न्हाई तर काय म्हणतेत?"

तिने पायलीला कुंकू लावलं आणि घागर पुढे केली.

"घाल दोन पायल्या. बिनशिगेच्या."