टर्बट स्ट्रीटचे चाळीस शर्ट

बेकन. लाल मांस, पांढरी चरबी. रॉन खात नाही.

सांताक्लॉज. लाल डगला, पांढरी दाढी. रॉनच्या घरातल्या सांताचा डगला बूटपॉलिशने काळा केलेला आहे.

दुकानातला हीटर. नोव्हेंबरपासून मेलेला.

एक खोकं. सन १९९१चं, कधीच न उघडलेलं.

आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी छाती पुढे काढून उच्चारलेलं एक वाक्य: "या शहराच्या आठवणींची नाडी माझ्या हातात आहे, ग्लेनिस!"

वाक्य कीथचं. ग्लेनिस त्याची बायको, रॉन तिचे वडील, शहर इंग्लंडमधलं हल. दुकानात जुन्या आठवणींचा माल. फिक्कट पिवळ्या टेलिफोन-खोक्यांची चित्रं असलेले मग, बंद पडलेल्या थिएटरांचे टॉवेल, पाडलेल्या गल्ल्यांच्या नावांचे टी-शर्ट. गल्ली पाडली की तिच्यावर लोकांचं प्रेम उतू जातं, आणि कीथ ते प्रेम छातीवर छापून देतो.

कीथचं दुःख एकच होतं. तो शहराला दुभागणाऱ्या नदीच्या पूर्वेचा. तिकडची माणसं रग्बीत लाल-पांढऱ्या संघाची. ग्लेनिस पश्चिमेची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या संघाची. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सासऱ्याने जावयाचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. फोन आला की, "तुझं ते पलीकडचं घरी आहे का?" एवढीच विचारपूस!

आता रॉनची ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. रविवारी दुपारी हेसल रोडवरच्या क्लबात चाळीस माणसांची पार्टी. आणि कीथच्या हाती ते खोकं लागलं होतं! चाळीस शर्ट, काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे, अस्सल १९९१चे.

"छातीवर 'टर्बट स्ट्रीट' छापतो," कीथ म्हणाला. "बाबांची गल्ली. बघच तू, मिठी मारून नाव घेतील माझं!"

"बाबांनी मला लग्नात मिठी मारली नाही," ग्लेनिस म्हणाली. "आणि हे रंग बदलणारे शर्ट नाहीत ना रे? तेव्हा ते खूळ होतं. अंगाच्या उबेने रंग पालटायचा."

"अगं, तेहतीस वर्षं झाली! ती जादू कधीच मेली. हे बघ."

कीथने शर्टावर तळवा दाबला. पाच मोजले. दहा मोजले. पट्टा काळा तो काळाच!

आता त्या दुकानात दूध फ्रीजबाहेर आठवडाभर टिकायचं आणि कीथचा तळवा त्या वेळी बर्फातल्या कॉड माशाइतकाच उबदार होता, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण नाडी हातात असलेल्या माणसाला हाताचं तापमान कोण विचारणार?

क्लब, पंधरा अंश

सगळ्यांनी शर्ट चढवले. चाळीस म्हातारेकोतारे झेब्र्यांच्या कळपासारखे उभे! कुणी "आमचं चौदा नंबरचं घर!" म्हणून डोळे पुसले, कुणी गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या मासेवालीची नक्कल केली. रॉननेही शर्ट घातला. खाली पाहिलं. ओठाचा डावा कोपरा किंचित हलला.

"हसले!" कीथ ग्लेनिसच्या कानात ओरडला.

"दातात काहीतरी अडकलं असेल," ग्लेनिस म्हणाली. पण तीही खूश होती.

एकोणीस अंश

बटाट्याच्या गरम पॅटी आल्या, चिप्स आले, त्यांवर हलचा तो खास लाल मसाला आला. मग गाणी लागली, आणि रॉनची धाकटी बहीण एडना, वय अठ्ठ्याहत्तर, मैदानात उतरली. एडना नाचायला लागली की माणसं भिंतीला टेकतात.

तेवीस अंश

"आत्या," ग्लेनिस हळूच म्हणाली, "तुझ्या काखेत काय झालंय?"

एडनाने हात वर केला. काखेतला काळा पट्टा टोमॅटोसारखा लाल झाला होता! तिने दुसरा हात वर केला. तिथेही तेच.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

"रक्त कसलं?" एडना गरजली. "रक्त परवडलं असतं! हा त्यांचा रंग आहे. पलीकडचा!"

कीथने आजूबाजूला पाहिलं. ज्याने गरम चिप्सची ताटली पोटाशी धरली होती, त्याचं पोट लाल. जो हीटरला पाठ लावून बसला होता, त्याची पाठ लाल. पश्चिमेचा कट्टर क्लब, आणि पट्ट्यापट्ट्याने पूर्वेचा होत चाललेला!

"मुद्दाम केलंस तू!" एका म्हाताऱ्याने कीथवर काटा रोखला. काट्याला पॅटी होती.

"शप्पथ नाही हो! मी तळवा लावून बघितलं होतं!"

"काढा रे शर्ट!" दुसरा ओरडला.

"खबरदार!" त्याची बायको म्हणाली. "आत काही घातलेलं नाहीस तू!"

कीथने हीटर बंद केला, पाचही खिडक्या सताड उघडल्या आणि बर्फाची बादली घेऊन टेबलांमधून धावू लागला. "थंड व्हा! कृपा करून सगळे थंड व्हा! आत्या, नाचू नका!"

"मी आता थांबले तर घाबरले असं होईल," एडना म्हणाली, आणि आणखी जोरात नाचली. ती आता कमरेपासून वरची पूर्ण लाल-पांढरी होती, आणि तिला ते शोभतही होतं.

सतरा अंश

पाहुण्यांत एकटा रॉन काळा होता. म्हातारं रक्त, तापायला वेळ लागतो. कीथने देवाचे आभार मानले. तेवढ्यात एडना नाचत नाचत भावापाशी गेली, "घाबरू नकोस रे, तू अजून आपला आहेस!" म्हणाली, आणि तिने त्याला कडकडून मिठी मारली.

ती बाजूला झाली तेव्हा रॉनच्या पाठीवर दोन लालभडक पंजे उमटले होते. दहाही बोटं स्वच्छ!

आधी एक जण फिसकन हसला. मग दोघं. मग अख्खा क्लब टेबलं बडवत हसू लागला.

"काय झालं?" रॉनने विचारलं. ग्लेनिसने फोनवर पाठीचा फोटो काढून वडिलांपुढे धरला.

हसू विरलं. रॉन फोटो पाहत राहिला. चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. कीथ बर्फाची बादली छातीशी धरून उभा होता. त्याचा शर्ट मात्र छान काळा होता.

"कीथ," रॉन म्हणाला.

ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला.

"अं... हो?"

"त्या खिडक्या लाव. ऐंशी वर्षांचा आहे मी. गारठून मेलो तर हे सगळे तुझ्याच नावाने खडे फोडतील."

"पण रॉन, खिडक्या लावल्या तर तुम्ही... म्हणजे तुमचा शर्ट..."

"मला कळतं काय होईल ते. लाव. आणि तो हीटरही."

कीथने पाचही खिडक्या लावल्या. आनंदाच्या भरात पहिली परत उघडली आणि परत लावली. रॉन हीटरला पाठ देऊन बसला, पुढ्यात पॅटी ओढली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कमरेपासून गळ्यापर्यंत निवांत लाल होत गेला.

१९४४ साली, रॉनच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा ती पलीकडे मावशीकडे गेली होती. एका जहाजासाठी नदीवरचा पूल दीड तास वर उचललेला होता, म्हणून रॉनचा जन्म पूर्वेला झाला.